पॉम्पेईची पावती

गाईड या संस्थेवर माझा पहिल्यापासून विश्वास नाही. याला कारण देवगिरीचा किल्ला. शाळेच्या सहलीत तिथल्या अंधारीतून आम्हाला नेणाऱ्या गाईडने ऐन मध्यावर मशाल विझवली, शत्रूची इथे कशी गाळण उडत असे ते आम्हाला अनुभवू दिलं, आणि मशाल पुन्हा पेटवण्याचे म्हणून प्रत्येकी आठ आणे जादा घेतले. अंधारात व्यवहार करणारा माणूस कधीही फायद्यात नसतो, हे बँकिंगचं पहिलं तत्त्व मी तिथे शिकलो. बाकीची तत्त्वं बी. कॉम.ला शिकवली, पण ती परीक्षेनंतर राहिली नाहीत.

त्यामुळे इटलीत पॉम्पेई पाहायला आपण खाजगी गाईड केलेला आहे, असं धाकट्या भावाने फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या पोटात आठ आण्यांचा गोळा आला.

"खाजगी म्हणजे?"

"म्हणजे फक्त आपल्यासाठी, दादा. तू, वहिनी आणि मी. अडीच तास."

"किती घेणार?"

"ते तू विचारू नकोस."

ज्या आकड्याविषयी विचारू नकोस असं सांगतात, तो आकडा कळेपर्यंत बँकेतल्या माणसाला झोप लागत नाही. मी हिला कामाला लावलं आणि तिने दोन दिवसांत तो काढून आणला. दीडशे युरो. म्हणजे पंधरा हजार रुपयांच्या आसपास. देवगिरीच्या दराने एवढ्यात तीस हजार वेळा मशाल पेटली असती.

इथे थोडा मागचा बॅलन्स पुढे ओढावा लागेल. वडील गेले ते 2004 साली. मी तेव्हा बँकेत कारकून होतो, अजूनही तोच आहे. प्रमोशनची परीक्षा आली की मला सर्दी होते. धाकटा बारावीला होता आणि हुशार होता. हुशार मुलगा ही घरावर येणारी सर्वांत महाग आपत्ती. त्याला इंजिनिअरिंगला घातला. त्यासाठी मी पतपेढीचं कर्ज काढलं, दोन जामीनदार गाठले, स्कूटर घेण्याचा विचार चार वर्षं पुढे ढकलला. आणि माझ्या स्वभावाप्रमाणे एक लाल पुठ्ठ्याची वही घातली. पहिल्या पानावर फक्त 'धा.' असं लिहिलेलं. कॉलेजची फी, होस्टेलचं डिपॉझिट, ड्रॉइंग बोर्ड, एकदा कावीळ झाली तेव्हाचं औषधपाणी, सगळं तारीखवार. एकूण तीन लाख एक्केचाळीस हजार सहाशे पन्नास. हे पैसे मला परत हवे होते असं नाही. पण नको होते असंही छातीठोकपणे सांगता येणार नाही. वही कपाटात, हिच्या लग्नातल्या शालूखाली असे, आणि वर्षातून एकदा मी ती काढून बेरीज तपासत असे. बेरीज दर वर्षी तेवढीच येई. तिचंही एक समाधान असतं.

धाकटा पुढे तुरीनला गेला. तिथे तो मोटारींच्या आराखड्यांवर काम करतो. त्याने आम्हा दोघांना बोलावलं, तिकिटं पाठवली, आणि विमानात बसल्यापासून माझ्या डोक्यातली लाल वही आपोआप उघडली. तिकिटं, जमा. नेपल्सचं हॉटेल, जमा. त्याने पाजलेली कॉफी, जमा. ती एवढीशी असते की तिला कॉफी म्हणण्याऐवजी कॉफीचा नमुना म्हणावं. मीही मग हट्टाने जेवणाचं बिल द्यायचो, म्हणजे पुन्हा नावे. दोघं भाऊ हॉटेलात बिलावर झटापट करताना पाहून वेटर कौतुकाने हसत. माझ्या मनात काय चाललंय ते त्यांना कळलं असतं तर हसले नसते.

नेपल्सहून व्हेसुव्हियसला वळसा घालणाऱ्या लोकलने आम्ही पॉम्पेईला उतरलो. लोकल पाहून मला इटलीविषयी प्रथमच आपुलकी वाटली. तिच्यात बसायला जागा नव्हती.

मरीना दरवाज्यापाशी गाईडबाई उभ्या होत्या. वय साठीच्या पुढे, गळ्यात सरकारी परवान्याचा बिल्ला, पायांत बूट असे की त्यांनी दोन हजार वर्षं सहज चालावं. इंग्रजी बोलत, पण निम्मं हातांनी. एका हातात छत्री असल्याने त्या बाजूची वाक्यं अपुरी राहत. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "तुमचा व्यवसाय काय?"

मी सांगितलं, "बँकेत आहे." परदेशात एवढंच सांगावं. बँकेत कुठे, हे आपण होऊन सांगू नये.

"अच्छा!" बाईंनी छत्री खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी आनंद व्यक्त केला. "मग आज मी तुम्हाला देवळं दाखवणार नाही. आज मी तुम्हाला पैसा दाखवते."

पंधरा हजारांतले निदान पाच हजार तिथेच वसूल झाले.

इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि हे गाव राखेखाली आणि पिवळट-पांढऱ्या दगडी खड्यांखाली गाडलं गेलं, हे शाळेत आपण सगळेच शिकलो. चोवीस ऑगस्ट ही तारीखही काहींना आठवत असेल. पण 2018 साली एका भिंतीवर कोळशाने खरडलेली ऑक्टोबरची तारीख सापडली, तेव्हापासून बरेच जाणकार ऑक्टोबर धरून चालतात. म्हणजे व्हाउचरवर तारीख टाकायला विसरू नये, हे मी काउंटरवर ओरडतो त्यात तथ्य आहे. एका माणसाने भिंतीवर तारीख टाकली म्हणून ज्वालामुखीची एंट्री दुरुस्त झाली.

गावच्या चौकात, ज्याला ते फोरम म्हणतात, भिंतीतल्या कोनाड्यात एक दगडी टेबल आहे. त्याला लहानमोठे नऊ खड्डे. ही मापं. धान्य, तेल, दारू इथे येऊन मोजून घ्यायची, म्हणजे दुकानदाराला लबाडी करता येत नाही. गंमत अशी की हे टेबल रोमन येण्यापूर्वीचं. तेव्हा मापांची नावं स्थानिक भाषेत कोरलेली होती. रोमनांनी ती खरवडून काढली आणि खड्डे आपल्या मापाचे करून घेतले. आमच्या बँकेचं दुसऱ्या बँकेत विलीनीकरण झालं तेव्हा अगदी हेच झालं. टेबलं तीच राहिली, फॉर्म बदलले, आणि जुनी पाटी उतरवल्यावर भिंतीवर तिच्या आकाराचा स्वच्छ चौकोन उरला. मी त्या टेबलाला हळूच हात लावला. बाईंनी छत्रीने हात बाजूला केला.

पुढे खाणावळींची ओळच लागली. रस्त्याच्या कडेला विटांचे ओटे, त्यांत रांजण बसवलेले, की लोकांनी उभ्या उभ्या खावं आणि कामाला जावं. "पोळीभाजी केंद्र," ही म्हणाली आणि तो विषय संपला. बेकरीत मात्र ती रेंगाळली. काळ्या दगडाची उंच जाती, ती फिरवायला गाढवं, आणि मागे भट्टी. 1862 साली अशाच एका भट्टीत एक्क्याऐंशी पाव सापडले, पार कोळसा झालेले, पण वरच्या खापांसकट शाबूत. तसले पाव आता संग्रहालयात काचेमागे आहेत.

"माझी एक भाकरी करपली तर तुम्ही आठवडाभर बोलता," ही मला म्हणाली. "आणि इथे दोन हजार वर्षांपूर्वी करपलेला पाव लोक तिकीट काढून पाहतात."

धाकटा हसला. त्याने हे वाक्य जमा करून घेतलं असावं. वहिनीची बाजू तो लहानपणापासून घेतो.

भिंतींवर निवडणुकीचे रंगवलेले मजकूर आहेत, तेही शेकड्यांनी. अमक्याला निवडून द्या, तमका सज्जन आहे. वाटिया नावाच्या एका उमेदवाराला तर रात्री उशिरापर्यंत पिणाऱ्यांचा, झोपाळूंचा आणि भुरट्या चोरांचा जाहीर पाठिंबा असल्याचं लिहिलेलं सापडलं आहे. हे मजकूर त्याच्या विरोधकांनी रंगवले असणार, असं बाई म्हणाल्या. मला तसं वाटत नाही. मी बऱ्याच निवडणुकांत ड्यूटी केली आहे.

मग बाईंनी छत्री एका घराकडे रोखली आणि विचारलं, "तुम्ही भारतातले ना? तुमची देवी या घरात राहत होती."

मी चपला काढण्याच्या बेतात होतो. 1938 साली या घरात हस्तिदंताची एक मूर्ती सापडली. वीतभर उंच, अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. आधी तिला लक्ष्मी म्हणत, आता अभ्यासक यक्षी म्हणतात. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. "आणि अशाच मूर्ती," बाई आठवून आठवून म्हणाल्या, "भारतात दोन ठिकाणी सापडल्या आहेत. तेर. आणि दुसरं ते, बो... बोकर..."

"भोकरदन?" मी जवळजवळ ओरडलोच.

तर मंडळी, जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या शाखेत मी तीन वर्षं काढली आहेत. तिथे मी पीककर्जाचे अर्ज पाहिले, पाण्याचा टँकर पाहिला, सिस्टीम डाऊन असताना चिडलेलं गिऱ्हाईक पाहिलं. पण इथल्या मातीतून निघालेल्या बाईची बहीण व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी बसली आहे, हे मला कुणी सांगितलं नाही. ही मूर्ती नेमकी कुठे घडली याचा वाद आहे, तो पंडितांनी घालावा. माझ्यापुरतं भोकरदन त्या दिवशी परदेशी शाखा असलेलं गाव झालं. आणि ते सांगायला मला नेपल्सची बाई लागली, हे मी मुकाट्याने गाईडच्या खात्यावर जमा केलं. एव्हाना दहा हजार वसूल.

जवळच एका घराच्या उंबऱ्यावर अक्षरं आहेत. त्यांचा अर्थ, नफ्याचं स्वागत असो. आपण उंबऱ्यावर शुभ आणि लाभ असे दोघांना बोलावतो. रोमन माणूस एकट्या लाभालाच बोलावून मोकळा झाला.

मग आम्ही वेट्टी नावाच्या दोघा श्रीमंतांच्या घरी गेलो. 2023 साली दुरुस्त्या संपून हे घर पुन्हा उघडलं. प्रवेशदारातच एका देवाचं चित्र आहे. शेजारी तराजू. एका पारड्यात नाण्यांची थैली, आणि दुसऱ्या पारड्यात त्या देवाने स्वतःचं जे काही ठेवलं आहे, ते सभ्य वाचकांसाठी असलेल्या या पुस्तकात लिहिता येत नाही. मी घाईघाईने मान वळवली. ही मात्र शांतपणे पाहून म्हणाली, "तराजू नीट आहे हो."

आत दिवाणखान्यात दोन बाजूंना दोन मोठ्या तिजोऱ्या, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशा. आमच्याकडे तिजोरी आत, दोन किल्ल्या, दोन माणसं, आणि दोघांपैकी एक नेमका रजेवर. इथे तिजोरी पाहुण्यांसमोर मांडून ठेवलेली. हे वेट्टी मूळचे गुलाम, सुटका झाल्यावर व्यापारात वर आले. ते सख्खे भाऊ होते की एकाच मालकाचे सोडलेले गुलाम, हे नक्की नाही, असं बाई म्हणाल्या. मी तिजोऱ्यांकडे पाहिलं आणि मग धाकट्याकडे. दोघं जण आणि तिजोऱ्या दोन. म्हणजे हिशेब वेगवेगळे होते. सख्खे भाऊच असणार.

"आणि आता," बाई म्हणाल्या, "तुमच्या व्यवसायबंधूंचं घर."

लुसियस सेसिलियस युकुंडस. धंदा सावकारीचा आणि लिलावाचा. कुणाला काही विकायचं असलं की हा लिलाव लावायचा, विकणाऱ्याला पैसे चुकते करायचा, आपलं कमिशन कापून घ्यायचा, आणि खरेदीदाराकडून सावकाश वसूल करायचा. त्या दिवशी घराचं दार बंद होतं, जाळीतून पाहावं लागलं. उंबऱ्याआत जमिनीवर खड्यांच्या नक्षीत एक कुत्रा आहे. पॉम्पेईतल्या दुसऱ्या एका घरातला कुत्रा प्रसिद्ध आहे, तो दात विचकून अंगावर येतो. हा मात्र पंजे पसरून आरामात पडलेला आहे. बँकेच्या दाराशी राखणदार कसा असतो, याची परंपरा किती जुनी आहे पाहा.

1875 च्या जुलैमध्ये या घराच्या माडीवर एका लाकडी पेटीत दीडशेच्या वर पाट्या सापडल्या. लाकडाच्या पातळ पाट्या, त्यांवर मेण, मेणावर लोखंडी लेखणीने लिहिलेलं. मेण बहुतेक गेलं, पण लेखणीचा दाब खालच्या लाकडावर उमटला होता, त्यावरून विद्वानांनी मजकूर वाचला. आमचे जुने हेडकॅशियर सांगत, कार्बन कॉपी आहे, दाबून लिहा. त्यांचं म्हणणं मला त्या दाराशी पटलं.

"आणि त्यांत काय आहे?" मी विचारलं.

"पावत्या," बाई म्हणाल्या. "बहुतेक सगळ्या पावत्या."

इसवी सन 15 सालची सर्वांत जुनी. एक खेचर विकलं, त्याचे पाचशेवीस सेस्टर्स मिळाले. त्या काळी साध्या शिपायाचा वर्षाचा पगार नऊशे, म्हणजे खेचर चांगलं अंगापिंडाने भरलेलं असावं. पाट्या तीन-तीनच्या जुडीत. मजकूर दोनदा लिहायचा. एक प्रत आत, दोरीने बांधून साक्षीदारांच्या मोहरा मारलेली. दुसरी बाहेर, कुणालाही वाचता येईल अशी. बाहेरच्या मजकुरात कुणी खाडाखोड केली, तर मोहरा फोडून आतला काढायचा. साक्षीदारांची नावं प्रतिष्ठेच्या क्रमाने. आणि हे सगळं शून्य नसलेल्या आकड्यांत! मला शून्य असून रोज संध्याकाळी सहा रुपयांचा फरक येतो.

"शेवटची पावती जानेवारी 62 ची," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "त्यानंतरच्या महिन्यात मोठा भूकंप झाला. पुढच्या पावत्या नाहीत. पण पेटी जपलेली होती. सतरा वर्षांनी राख पडली तेव्हाही ती माडीवर होती."

मी जाळीला धरून उभा राहिलो. खरं सांगू? इमारती, चित्रं, देवळं पाहून माझा कधी ऊर भरून येत नाही. पण आमच्या शाखेतली हाताने लिहिलेली लेजरं मुदत संपल्यावर टेम्पोत भरून गेली, त्यांत माझ्या अक्षरातली अकरा वर्षं होती. त्या दिवशी मी टेम्पोवाल्याला वजन नीट कर म्हणून सांगितलं होतं आणि घरी येऊन जेवलो नव्हतो. कुणातरी कारकुनाच्या अक्षरातली पाचशेवीसची पावती जगाने काचेत ठेवली, हे पाहून मला, का कोण जाणे, माझंच काहीतरी जमा झाल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात धाकटा बाजूला येऊन उभा राहिला. कुत्र्याकडे पाहत म्हणाला,

"दादा, ती लाल वही आहे का रे अजून?"

व्हेसुव्हियस पुन्हा फुटता तर बरं, असं मला वाटलं.

"कोणती वही?" मी म्हणालो. माझं खोटं मेणावर लिहिल्यासारखं असतं. लगेच वितळतं.

"वहिनीच्या शालूखालची. मी सेकंड इयरला असताना दिवाळीत पाहिली. पोस्टाचं तिकीट शोधत होतो." तो थांबला. "खूप राग आला होता तेव्हा. माझ्या काविळीची औषधंसुद्धा लिहिली होतीस. होस्टेलवर जाऊन मी पण एक वही घातली. ठरवलं, नोकरी लागली की व्याजासकट याच्या तोंडावर फेकायचे."

मी काही बोललो नाही. गाईडबाईंना मराठी येत नव्हतं, पण त्या छत्री उघडून लांब जाऊन उभ्या राहिल्या. चांगल्या गाईडची ही खूण मी आता कुणालाही सांगू शकेन.

"मग नोकरी लागली," धाकटा म्हणाला. "पहिल्या पगाराच्या दिवशी तुझे आकडे मांडायला बसलो. आठवत होते सगळे. आणि व्याज लावायला गेलो तेव्हा लक्षात आलं, तुझ्या वहीत व्याजाचा कॉलमच नव्हता. दादा, तू बँकेतला माणूस. पतपेढीला तू व्याज भरत होतास. आणि मला बिनव्याजी."

आता हे खरं होतं की नाही, मला सांगता येईना. व्याजाचा कॉलम मी मुद्दाम सोडला होता, की पट्टी नीट न धरल्यामुळे पानावर जागाच उरली नव्हती? कॉमर्स पदवीधराने याचं उत्तर देऊ नये. मी म्हणालो, "डोळ्यांत राख गेली वाटतं." एकोणीसशेहून अधिक वर्षांपूर्वी पडलेली राख अजून डोळ्यांत जाऊ शकते, हे धाकट्याने मान्य केलं.

बाहेर पडताना मी सवयीने गाईडबाईंकडे पावती मागितली. पैसे आधीच भरलेले होते, तरी त्यांनी पिशवीतून पुस्तक काढून दाबून लिहून दिली. नाव काय घालू, म्हणाल्या. धाकट्याने आमच्या दोघांचं मिळून जे एकच आडनाव आहे, ते सांगितलं.

घरी आल्यावर मी लाल वही काढली. फाडणार नव्हतो. रेकॉर्ड फाडणं माझ्या रक्तात नाही. शेवटच्या पानावर, तीन लाख एक्केचाळीस हजार सहाशे पन्नासच्या खाली, ती पॉम्पेईची पावती डिंकाने चिकटवली, खाली दोन रेघा मारल्या आणि सही केली. साक्षीदार म्हणून हिला बोलावलं.

तिने चष्मा लावून सगळी पानं उलटून पाहिली. सही केली. मग वही शालूखाली ठेवायच्या ऐवजी तिने शालूच उचलून दुसऱ्या कप्प्यात ठेवला आणि म्हणाली,

"धाकट्याचं खातं बंद झालं ते बरं झालं. आता उद्या येताना एक नवी वही आणा. लग्न झाल्यापासून माझे किती निघतात, ते एकदा मांडून टाकू. आणि हो, पट्टी नीट धरा. माझ्या वहीत व्याजाचा कॉलम हवाय."